मावेल तेवढं पीठ म्हणजे किती? माप धरायला शिकणाऱ्यांसाठी

आपल्याकडे पाककृती विचारली की उत्तरं ठरलेली असतात. धपाट्यांत पीठ किती? मावेल तेवढं. मीठ? अंदाजानं. चकलीला मोहन? मूठ वळली की पुरे. सांगणारी काकू किंवा मामी काही लपवून ठेवत नसते. तिच्या हाताला ते माप बसलेलं असतं, तोंडानं सांगायची वेळ तिच्यावर कधी आलेलीच नसते. पंचाईत होते ती ऐकणाऱ्याची. लातुरात क्लाससाठी खोली करून राहिलेला पोरगा, लग्न होऊन परभणीला गेलेली आणि तिथल्या डब्या-वाट्यांशी अजून ओळख नसलेली मुलगी, नाहीतर ऐन दिवाळीच्या तोंडावर नवा ओव्हन घेऊन बसलेलं कुणीही.

रोजच्या वरण-भाताला काटा लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमटी पातळ झाली तर आटवता येते, घट्ट झाली तर पाणी घालता येतं. केक ओव्हनमध्ये गेला, शंकरपाळे तेलात विरघळायला लागले, की मग करण्यासारखं फारसं काही उरत नाही. माप तिथं लागतं. म्हणून आधी बेकिंग आणि फराळाचं माप शिका, भाजीचं आपोआप येतं.

आधी तीन वस्तू आणा

एक डिजिटल काटा, पाच किलोपर्यंत तोलणारा आणि एकेका ग्रॅमचा फरक दाखवणारा. वरून सपाट असलेला बघा. सोबत वाडगा फुकट मिळतो म्हणून भुलू नका. मोठं पातेलं ठेवल्यावर आकडा झाकला जात नाही ना, एवढं दुकानातच पाहून घ्या. दुसरी वस्तू मापाच्या चमच्यांचा संच: १५, ५, २.५ आणि १.२५ मिलीचा. तिसरी मेडिकलमधली १० मिलीची सिरिंज, सुईशिवाय. तिघांत सगळ्यात स्वस्त हीच, आणि घरातले बाकीचे चमचे-वाट्या खरं बोलतात का ते हीच सांगते.

मापाचे कप घेतलेच पाहिजेत असं नाही. घेतलेत तर बुडाशी किंवा दांड्यावर लिहिलेलं वाचा. कुठला संच २४० मिलीचा असतो, कुठला २५० चा.

काट्याची परीक्षा

काटा ओट्यावर सपाट ठेवा, खाली फडकं नको. मे महिन्यात कूलरचा झोत थेट अंगावर आला तर हलक्या वजनाचे आकडे नाचतात, तेव्हा तेवढ्यापुरता कूलर बंद करा किंवा आडोसा धरा.

आता रिकामी वाटी ठेवून शून्याचं बटण दाबा आणि सिरिंजनं १० मिली पाणी पाच वेळा घाला. आकडा ५० च्या आसपास आला पाहिजे, एखादा ग्रॅम इकडेतिकडे चालेल. पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅम, हा हिशोब डोक्यात पक्का ठेवा, पुढे सारखा लागणार आहे. मोठ्या वजनाचा ताळा घ्यायचा तर एक किलो साखरेचा बंद पुडा ठेवा. पुड्यावर छापलेलं वजन नुसत्या मालाचं असतं, पिशवीचं त्यात धरलेलं नसतं. त्यामुळे काट्यानं हजारापेक्षा थोडं जास्तच दाखवलं पाहिजे.

शून्याचं बटण हीच काट्याची खरी सोय. पातेलं ठेवा, शून्य करा, मैदा घाला. पुन्हा शून्य करा, साखर घाला. पुन्हा शून्य, तूप. एकाच पातेल्यात सगळं होतं आणि घासायला वाट्या पडत नाहीत. मात्र बरेच काटे दोन-तीन मिनिटं हात लागला नाही की आपले आपण बंद होतात आणि आधीचं सगळं विसरतात. दारात कुणी आलं तर उठायच्या आधी आकडा कागदावर टिपा.

आणखी एक खोड: चिमूट चिमूट घातलेलं काही काटे मोजतच नाहीत, आकडा आहे तिथंच राहतो. पाच ग्रॅमच्या आतलं काहीही अशा काट्यावर तोलू नका. सोडा, यीस्ट, वेलदोडा पूड यांना चमचाच बरा.

वाट्यांची ओळख करून घ्या

आपल्या घरात एका मापाच्या दोन वाट्या सापडल्या तर नशीब म्हणायचं. लग्नात, वास्तुशांतीला, डोहाळजेवणाला आहेर म्हणून आलेल्या, काठावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेल्या स्टीलच्या वाट्या असतात त्या. एक पसरट, एक उभट, एकीचा काठ बाहेर वळलेला. पाककृतीत ‘एक वाटी’ लिहिलेलं असतं आणि हाताला लागेल ती उचलली जाते.

त्यातली एक निवडा, शक्यतो उभट आणि सरळ काठाची. काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलीची ती वाटी. समजा आत्याचं नाव कोरलेली वाटी १६० मिलीची निघाली. आता हीच तुमची मापाची वाटी, बाकीच्या जेवायला. तिचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

चमच्यांचंही तसंच करा. चहाचा चमचा, पोह्यांचा चमचा, भाजी वाढायचा डाव, एकेक घेऊन सिरिंजनं पाणी भरत जा. चहाचे म्हणून घेतलेले दोन चमचे सारखे नसतात, हे तिथंच कळेल. पाककृतीतला छोटा चमचा ५ मिली आणि मोठा १५ मिली धरायचा. पोह्यांचा चमचा बहुतेक घरांत या दोन्हींच्या मधे कुठंतरी असतो, म्हणून मापाला तो बादच समजा.

सगळं प्रमाण वाटीतच असेल तर वाटी कितीचीही चालते. एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर हा शंकरपाळ्यांचा हिशोब १०० मिलीच्या वाटीनं केला तरी जुळतो आणि २०० च्या वाटीनं केला तरी. बिघडतं ते मध्येच वाटी बदलली की. नाहीतर वाटीच्या मापात अंडं किंवा ‘अर्धा चमचा सोडा’ असं मोजीव काही आलं की. अंडं काही तुमच्या वाटीसाठी लहान-मोठं होत नाही.

एक वाटी, वजनं निराळी

पाणी सोडलं तर वाटीभर कुठल्याच जिनसाचं वजन वाटीच्या मिलीइतकं येत नाही. २४० मिलीच्या मापाला साधारण असे आकडे धरा:

मैदा १२० ते १२५ ग्रॅम
कणीक १२० ते १३०
साखर २००
पिठीसाखर १२०
रवा १६५ ते १७५
तेल २२० च्या जवळपास
दूध २४५

आपल्या वाटीसाठी वाटीच्या मिलीनं गुणून २४० नं भागायचं. १६० मिलीच्या वाटीत साखर बसेल २०० गुणिले १६० भागिले २४०, म्हणजे १३३ ग्रॅम. दोन-चार जिनसांचं एकदा करून वहीत लिहिलं की पुन्हा गणित नाही.

तेलाचा आकडा पटत नसेल तर एक लिटरची तेलाची पिशवी उलटी करून बघा, लिटरच्या शेजारी ९१० ग्रॅम छापलेलं दिसेल. घाण्यावरून करडईचं तेल किलोवर आणणाऱ्यांना हे मुद्दाम सांगते: एक किलो तेल लिटरच्या बाटलीत मावत नाही, जरा मोठी बाटली न्या.

मैदा कसा भरायचा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. कप डब्यात खुपसून मैदा उचलला की तो कपाच्या भिंतीला दाबला जातो. वर शीग राहते, ती बोटानं दाबून आपण सारखी करतो. असा कप तोलून बघा, १५० ग्रॅमपर्यंत सहज जातो. तोच मैदा डब्यात चमच्यानं हलवून मोकळा केला, चमच्याचमच्यानं कपात सोडला आणि सुरीच्या पाठीनं वरची शीग सरकवून टाकली, तर १२० च्या आसपास येतो. दोन कपांच्या केकमध्ये हा फरक साठ ग्रॅमचा, म्हणजे अर्धा कप मैदा जास्त. मग केक कोरडा होतो, मधोमध फुगून तडकतो आणि दोष ओव्हनला जातो.

कप आपटायचा नाही, दाबायचा नाही, शिगोशीग भरायचा नाही. पाककृतीत चाळलेला मैदा म्हटलं असेल तर आधी चाळून मग मोजायचा. मैदा चाळून घ्या असं म्हटलं असेल तर आधी मोजून मग चाळायचा. आणि पाककृतीत ग्रॅम दिलेले असतील तर ही सगळी कसरत सोडा, सरळ तोला.

बेसन आणि नुकतंच गिरणीतून आणलेलं पीठ याहून लहरी. दळण गरम असतं, फुललेलं असतं. गार होऊ द्या, मग मोजा.

‘मावेल तेवढं’ कसं पकडायचं

घरचा पदार्थ शिकायचा असेल तर सांगणाऱ्या बाईला ‘किती ग्रॅम?’ विचारून उपयोग नाही. ती वैतागेल आणि उत्तर चुकीचं मिळेल. तिला तिच्या हातानं करू द्या, तोलायचं काम तुम्ही गुपचूप करा.

मैद्याचा आख्खा डबा झाकण काढून काट्यावर ठेवा आणि शून्य करा. ती मूठमूठ मैदा काढत जाईल तसा काटा उणे आकडा दाखवत जाईल. उणे २१०, उणे ३३५, असं. पीठ मळून झालं की शेवटचा आकडा तेवढा लिहा, तेच तिचं ‘मावेल तेवढं’. मूठभर परत डब्यात गेलं तरी हिशोब बरोबर राहतो. तुपाच्या भांड्याला आणि साखरेच्या डब्यालाही हीच युक्ती चालते. डबा जड असेल आणि काटा पाच किलोचाच असेल तर आधी थोडा मैदा दुसऱ्या डब्यात काढून घ्या.

शंकरपाळ्यांना मघाच्या १६० मिलीच्या वाटीनं एकेक वाटी दूध, तूप आणि साखर घेतली तर मैदा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम मावतो. हा शंभर ग्रॅमचा पल्ला कशानं पडतो? तूप किती घट्ट होतं, दूध-साखर उकळून किती आटलं, मैदा किती कोरडा होता. म्हणून नुसता आकडा लिहून भागत नाही. शेजारी दोन शब्द हवेत: ‘गोळा बोटाला चिकटत नव्हता’, ‘लाटताना कडा चिरत होत्या’. पुढच्या वेळी ४०० ग्रॅम एकदम घाला आणि उरलेला मैदा हाताला विचारून.

सोडा, पावडर, यीस्ट, मीठ

इथं चमचा सपाट म्हणजे सपाटच. भरा, सुरीनं सारखा करा. एका कप मैद्याला, म्हणजे १२० ग्रॅमला, बेकिंग पावडर एक ते सव्वा छोटा चमचा पुरते. खायचा सोडा तेवढ्याच मैद्याला पाव चमचा, आणि त्याच्या जोडीला दही, ताक किंवा लिंबू असं काही आंबट हवं. सोडा सढळ हातानं पडला की केक तपकिरी होतो आणि जिभेला साबणासारखी चव लागते. पावडरच्या जागी तेवढाच सोडा, असली अदलाबदल करू नका.

बारीक मीठ एक छोटा चमचा म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास. खडे मीठ त्याच चमच्यात कमी मावतं, खड्यांच्या मधे पोकळी राहते. म्हणून लोणच्याचं मीठ चमच्यानं मोजू नका, तोला.

तूप, गूळ आणि पुरण

थिजलेलं रवाळ तूप चमच्यानं वाटीत भरलं की मधे हवेच्या पोकळ्या राहतात. डिसेंबरात भरलेली वाटी आणि मे महिन्यातली पातळ तुपाची वाटी म्हणूनच सारखी भरत नाही. तोललं की हा प्रश्न मिटतो. तोलायचं नसेल तर पाककृती पातळ तुपाची आहे की घट्ट, एवढं तरी बघा.

गुळाला वाटी लावूच नये. ढेपेतून फोडलेले खडे, सुरीनं चिरलेला चुरा आणि किसलेला गूळ, तिन्हींची वाटी वेगळी भरते. ‘डाळीला बरोबरीनं गूळ’ असं पुरणाचं प्रमाण कुणी सांगितलं की आधी विचारा, वाटीनं की वजनानं? हरभऱ्याची डाळ वाटीत दाटून बसते, चिरलेला गूळ मोकळा राहतो. म्हणून वाटीला वाटी घेतलेलं पुरण किलोला किलोपेक्षा कमी गोड होतं. वजनानं बरोबरीचा गूळ चांगला गोड होतो. अर्धा किलो कोरड्या डाळीला पावणेचारशे ग्रॅम घेतला तर बेताचं. मला दुसरं आवडतं. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) पंगतीला माणसं जास्त असतील तर पहिलं करा, तिथं कमी गोड पुरणाला कुणी माफ करत नाही.

आजीच्या वहीतली मापं

भारतात मेट्रिक वजनं १९५६ च्या कायद्यानं आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली. त्यामुळे जुन्या वह्यांत शेर, छटाक, तोळे भेटतात. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, पावशेर २३३, छटाक ५८ आणि तोळा ११.६६ ग्रॅम. आज दुकानात पावशेर मागितलं की २५० ग्रॅम मिळतं, तोळा म्हटलं की १०. काळ्या मसाल्याला नाकेशर, जायपत्री तोळ्यांत लिहिलेली असेल तर १२ ग्रॅम धरून चाला. आजच्यासारखे १० धरले तरी एखाद्या तोळ्यानं मसाला बिघडत नाही, पण पाच-सहा तोळ्यांच्या जिनसाला फरक जाणवतो. पायली, आदुली, मापटं, चिपटं ही मात्र आकाराची मापं, त्यांत ज्वारीचं वजन एक आणि तिळाचं दुसरंच. वहीत ‘चिपटंभर तीळ’ असेल आणि घरात जुनं चिपटं असेल तर ते माळ्यावरून काढा, तीळ भरा आणि तोला. नसेल तर घरातल्या जाणत्या माणसाला विचारा, शीग लावून की सपाट, तेही विचारा.

बाहेरची पाककृती, आपला ओव्हन

इंग्रजी पाककृतीतला कप अमेरिकी असेल तर २३७ मिलीचा. ऑस्ट्रेलियाची असेल तर कप २५० चा आणि मोठा चमचा १५ ऐवजी २० मिलीचा. लोण्याची ‘स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम. ३५० अंश लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ते फॅरनहाइट असतं. आपल्या ओव्हनवर १७५ ते १८०.

आठ इंची साच्याचं प्रमाण सहा इंची साच्यात करायचं तर पाऊण घेऊ नका, अर्ध्याहून जरासं जास्त पुरतं. सहाचा वर्ग ३६, आठचा ६४. अर्ध्या प्रमाणात दीड अंडं आलं तर दुसरं अंडं फेटून अर्धं तोलून घ्या. कवचाशिवायचं अंडं ५० ग्रॅमच्या आत-बाहेर असतं.

बेकरीवाले वाटीच्या भानगडीत पडत नाहीत. ते मैदा शंभर धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत. साध्या पावाला पाणी ६०, मीठ २, कोरडं यीस्ट १. म्हणजे ५०० ग्रॅम मैद्याला ३०० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम यीस्ट. नानकटाईला मैदा १०० तर पिठीसाखर ५० आणि तूप ५५ ते ६०. दिवाळीआधी घरचं सामान घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची पद्धत आपल्या गावांत अजून आहे. तिथं जाताना हे तीन आकडे चिठ्ठीवर लिहून न्या आणि तूप घरून तोलूनच न्या. भट्टीवर गर्दी असते, कुणाचं तूप कुणाच्या पिठात पडलं ते कळत नाही.

पाणी मात्र हातात राखून ठेवा

शंभर ग्रॅम कणकेला ५५ ते ६५ मिली पाणी लागतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पीठ जास्त पाणी ओढतं, श्रावणात कमी. म्हणून मोजलेल्या पाण्यातलं दहावा हिस्सा बाजूला काढून ठेवायचं आणि गोळा बघून घालायचं. पावाच्या पिठालाही हाच नियम.

काटा कुठं नको

फोडणी, तिखट, कोथिंबीर, लिंबू. येसर आमटीचं पाणी. आणि भाकरी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखी चिकटाई नसते, ते किती पाणी घेईल हे पीठ किती जुनं आहे आणि पाणी किती गरम आहे यावर ठरतं. पिठाची विरी, म्हणजे धरून राहायचा गुण, गेली असेल तर ग्रॅम कितीही अचूक तोला, थापताना भाकरी कडेनं चिरणारच. अशा वेळी आधण जरा जास्त कडक करा, पीठ त्यात थोडा वेळ झाकून ठेवा, मग मळा. आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा.